कोठीतली लाल गाडी

मी आमच्या घरच्या तांदळाच्या कोठीत खेळण्यातल्या गाड्या रंगवल्या. एकदाच नव्हे, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, जवळजवळ रोज. कोठी तेव्हा रिकामी होती, एवढंच माझं त्यावरचं म्हणणं, आणि ते आजवर कोणाला पटलेलं नाही. बरं, मी लहान होतो म्हणावं तर तेही नाही. वीस वर्षांचा होतो, मिशी होती, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला दुसऱ्यांदा बसलो होतो आणि गल्लीतल्या पोरांना गणित शिकवत होतो. ज्याला घरचा तांदूळ कुठे ठेवतात हे ठाऊक आहे आणि स्प्रेच्या डब्यावरची कवटी दिसते, अशा माणसानं केलेलं हे काम आहे.

गाड्यांचं खूळ लागलं ते दाताच्या दवाखान्यात. अक्कलदाढ काढायला गेलो होतो, आणि आई म्हणायची तसं, दाढेसोबत होती नव्हती ती अक्कलही तिथंच ठेवून आलो. डॉक्टरच्या टेबलामागे काचेचं कपाट होतं आणि त्यात पंधरावीस मोटारी ओळीनं उभ्या. तळहातावर मावतील एवढ्या, पण दार उघडणाऱ्या, आत स्टेअरिंग असलेल्या. त्यांच्या टपावर खोलीतली ट्यूबलाइट उलटी दिसायची. तोंडात कापूस होता म्हणून मी बोटानंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "सब अपने हाथ का है. मैं ही कलर करता हूँ." मग माझ्या तोंडातला कापूस बदलायचा सोडून त्यांनी मला अर्धा तास रंगाचं शिक्षण दिलं. मोटारसायकलच्या दुकानात मिळतो तो स्प्रेचा डबा घ्यायचा, आतली गोळी टकटक वाजेपर्यंत हलवायचा, वीतभर अंतरावरून पातळ हात मारायचा. जवळून मारला तर ओघळ येतो. पहिला हात पुरता वाळायच्या आधी दुसरा मारला तर रंगाला दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. आणि वाळला की नाही ते बोटानं पाहायचं नाही, नाकानं पाहायचं. वास येतो तोवर गाडी ओली. हे शेवटचं वाक्य मी पुढे सगळ्यांना मोठ्या ऐटीत ऐकवत असे. त्याचा अर्थ मला सोडून बाकी सगळ्यांना कळला.

आम्ही गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला राहत होतो. दोन खोल्या, मागे पडवी, पडवीपलीकडे न्हाणी आणि सीताफळाचं झाड. बाबा राइस मिलमध्ये माल तपासायला होते. पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढायचे, एक दाणा दाताखाली फोडायचा, मुठीत फुंकर मारून वास घ्यायचा आणि सांगायचं की हा माल कोणत्या बाजूचा, कधी कापलेला, किती ओला. त्यांचं नाक त्या मिलमध्ये न्यायाधीश होतं. घरीही होतं. भाजी लागली तर शेजारणीची लागली की आपली, हे ते अंगणातून सांगायचे. अशा नाकाच्या माणसाच्या घरात मी तीन महिने स्प्रे मारला आणि त्यांना कळलं नाही, कारण मिलच्या हंगामात ते कोंड्याच्या धुळीनं नाक चोंदूनच घरी यायचे आणि जेवून झोपायचे. आईला वास येत असे. तिला मी सांगितलं होतं की कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी आहे. बी.कॉम.ला गाड्या रंगवायचा प्रोजेक्ट असतो, हे तिनं मान्य केलं. ती सातवी शिकली होती आणि मी तिचा एकुलता एक मुलगा होतो. हेही मी आज लिहून टाकतो, कारण कोठीच्या गोष्टीत ते नेहमी राहून जातं.

अडचण होती राखेची. उसन्याच्या, म्हणजे उकड्या तांदळाच्या, मिलचे बॉयलर कोंड्यावर चालायचे आणि त्याची काळी राख दिवसभर आकाशातून उतरत राही. वाळत घातलेल्या धोतरावर, पाण्याच्या गुंडावर, पापडावर. मोठ्या माणसाला ती सवयीची, पण ओल्या इनॅमलवर एक कण बसला की गाडीला देवी आल्यासारखी दिसायची. मी अंगणात रंगवून पाहिलं, न्हाणीत पाहिलं, खाटेखाली चादर सोडून पाहिलं. सगळीकडे राख माझ्या आधी पोचलेली. आणि मग एका दुपारी पडवीतल्या कोठीकडे लक्ष गेलं. पत्र्याची, माझ्या छातीएवढी उंच, वर घट्ट झाकण, खाली तांदूळ काढायला हातभर दार. जुना तांदूळ संपला होता, नवा यायचा होता. आत वारा नाही, धूळ नाही, राख नाही. मी झाकण काढून आत डोकं घातलं आणि "ओ" म्हटलं. आतून मोठ्या माणसाचा आवाज आला. मला वाटलं, एवढी चांगली जागा घरात होती आणि हे लोक तिच्यात तांदूळ भरतात.

गाडीची चाकं काढून नुसतं कवच मी कोठीच्या तळाला ठेवायचो, कमरेपर्यंत आत वाकायचो, श्वास रोखून फवारा मारायचो आणि झाकण लावून टाकायचो. दुसऱ्या दिवशी उघडावं तर अंगावर एक कण नाही. बाजारातल्या स्वस्तातल्या लोखंडी गाड्यांवर हात बसवला, मग नागपूरहून सुट्या भागांची एक पेटी आणवली. खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिस्स्याची, लांब नाकाची, दोन दारांची गाडी. तिला लाल रंग दिला. एक हात, चार दिवस थांबलो, दुसरा हात, पुन्हा चार दिवस. तिसऱ्या हातानंतर तिच्या टपावर मला माझं तोंड दिसलं. मी रोज तिला नाक लावत होतो. वास गेला त्या दिवशी मी तिला दवाखान्यात नेऊन दाखवली आणि डॉक्टरनं खुर्चीतला पेशंट तसाच आ वासून ठेवून ती हातात घेतली. आयुष्यात इतकं निर्भेळ कौतुक माझं त्यानंतर झालं नाही. गाडीचा वास मी घेतला होता. कोठीचा घेतला नव्हता.

आमच्या कोठीत भरला जायचा तो तांदूळ मामाचा. मामा, म्हणजे आईचा मोठा भाऊ, सडक अर्जुनीजवळच्या खेड्यात धान करायचा. एका बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेताच्या तुकड्यात, तो दरवर्षी चिन्नोर लावायचा. हा तांदूळ शिजायला लागला की तीन घरं पलीकडच्यांना कळतं की आज इथे पाहुणा आहे. उतारा कमी, म्हणून लोकांनी लावणं सोडलं होतं, पण मामा ती एक बांधी बहिणीच्या नावानं राखून होता. त्यात तो खत नाही, औषध नाही, काही घालत नसे. "शांतीच्या बांधीत फक्त पाणी अन् माह्या घाम," असं तो म्हणायचा. आई ह्या तांदळाची वर्षभर श्रीमंती करायची. रोजचा भात मिलच्या तांदळाचा, सोबत लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांगं. पण सणाला, पाहुण्याला, बाळंतिणीला चिन्नोर. शेजारणींकडे वाटी पाठवताना ती पदर सारखा करून सांगायची, "माह्या दादानं आणला."

मामाचं येणं हाही एक सोहळा असे. आमच्याकडे भाचा मामापेक्षा मोठा मानतात. वयानं कितीही लहान असो, मामा त्याच्या पाया पडतो. बाहेरच्यांना हे नवल वाटतं. माझी बायको अमरावतीकडची, ती लग्नात हसली होती. तर मामा बसमधून उतरायचा, ऑटोतून पोती उतरवायचा, न्हाणीवर पाय धुवायचा आणि आधी माझ्याकडे यायचा. साठीचा, पांढऱ्या केसांचा, चिखलानं टाचा फाटलेला माणूस माझ्यापुढे वाकायचा आणि माझ्या पायाला हात लावून तो कपाळाला लावायचा. "कसे आहात भाचेबुवा." मला नेहमी 'तुम्ही' म्हणायचा, अर्धं गमतीनं, अर्धं खरं. लहानपणी मी त्याची वाट पाहायचो ती ह्याच एका गोष्टीसाठी. शाळेत मार खाणाऱ्या पोराला वर्षातून चारदा कोणीतरी वाकून नमस्कार करतं, ही काही लहान चैन नाही.

त्या संक्रांतीला मामा येणार असा निरोप आला, तेव्हा मी कोठी साफ केली. रॉकेलच्या फडक्यानं. वरच्या कडेचा लाल रंग निघाला, तळापर्यंत मी वाकलोच नाही आणि अंधारात काही दिसलंही नाही. झाकण लावून टाकलं, म्हणजे धूळ जायला नको. दुसऱ्या दिवशी मामा आला, माझ्या पाया पडला आणि दोघांनी मिळून तीन पोती चिन्नोर कोठीत रिकामा केला. मी एका बाजूनं पोतं धरलं होतं. तांदूळ आत पडतानाचा तो सर्र आवाज मला अजून ऐकू येतो. मामा म्हणाला, "औंदा दाणा भरला बराबर." मी म्हणालो, "हो मामा, मस्तच." त्यानं तिळाचा लाडू खाल्ला आणि संध्याकाळच्या बसनं परत गेला.

पंधरवड्यानं आईनं पहिला भात टाकला. बाबांच्या मिलमधले एक जुने सोबती जेवायला होते आणि आईनं सकाळपासून त्यांना चिन्नोरचं ऐकवलं होतं. झाकण उचललं आणि खोलीत जो वास पसरला, तो मी ओळखला. दुसऱ्या कोणी ओळखला नाही, रोज तो वास घेणाऱ्या आईनंही नाही, कारण आमच्या घरात मोटारीचं दुकान कोणी शिजवलं नव्हतं. पाहुण्यांनी दोन घास खाल्ले आणि भूक नाही म्हणाले. बाबा उठले. कोठीच्या खालच्या दारातून मूठभर कच्चे दाणे काढले, एक फोडला, मुठीत फुंकर मारली, नाकाजवळ नेली. मिलमध्ये निकाल देतात तसा निकाल दिला.

"फवारा आहे."

आई म्हणाली, "दादा फवारा नाही मारत त्या बांधीत."

"दवा आहे म्हणतो ना. कापाच्या तोंडावर मारला. कीड पडली असन, मारला असन. अन् तेच पोतं बहिणीच्या घरी आणून टाकलं."

'फवारा' ह्या शब्दाला माझे कान गरम झाले. बाबांचं नाक अगदी बरोबर होतं. फवारा होताच. फक्त शेतकरी चुकीचा होता. त्या क्षणी एक वाक्य बोललो असतो तर फार तर कानाखाली बसली असती आणि हे प्रकरण मी लिहीत नसतो. मी ताटातला भात वरणात कालवला आणि खाल्ला. सगळा खाल्ला. मला वाटलं, हे माझं प्रायश्चित्त. पाहुणे म्हणाले, "पोराले भूक दिसते."

मामा पुढे आला तो महाशिवरात्रीनंतर, काही कामानं गोंदियात आला म्हणून. माझ्या पाया पडला. आई त्याच्याशी धड बोलली नाही. तिनं ताट वाढलं, त्याच्याच तांदळाचं. तो पहिला घास तोंडात घेऊन थांबला. चावला नाही, नुसता थांबला. मग त्यानं हळूच पडवीतल्या कोठीकडे पाहिलं, तिथून माझ्याकडे, आणि मग माझ्या हाताकडे. मी त्या दिवसांत एका ट्रकला निळा रंग देत होतो, आता न्हाणीत. माझ्या नखांच्या कडा निळ्या होत्या. मी हात मांडीखाली घेतले.

बाबा म्हणाले, "का साळेबुवा, फवारा कधी मारला होता?"

"मी नाही मारला भाऊजी."

"मंग कोणं मारला? तांदूळ आपल्यानंच दवा पिऊन आला का?"

मामा घास गिळून म्हणाला, "माह्या बांधीत नाही मारला. एवढंच मले मालूम."

"एवढंच? त्या दिवशी पाहुणा उपाशी उठला माह्या घरून. घेऊन जाय हा सारा. आत्ताच कोठी खाली करतो, पोती आण."

आणि बाबा खरंच उठले. कोठी रिकामी झाली की तळ दिसणार, एवढं गणित मलाही येत होतं. मी उठून भिंतीला टेकून उभा राहिलो. मामा शांतपणे म्हणाला, "दिलेला तांदूळ वापस नेत नसतात भाऊजी. राहू द्या. कोंबड्यायले घाला." आई तेव्हा बोलली. पदर तोंडाला लावून, त्याच्याकडे न पाहता. "दादा, तुले जड होत असन तर तसं सांगाचं होतं. जहर कायले आणून देल्लं?"

मामा उठून न्हाणीवर गेला. हात धुतले. ताटात भात तसाच होता, त्यानं त्यावर दुसरं ताट झाकलं. निघताना माझ्याकडे आला आणि वाकला. मी पाय मागे घेतला असेन, कारण त्याचा हात आधी जमिनीला लागला, मग पायाला. "येतो भाचेबुवा," म्हणाला. त्याच्या आवाजात काही नव्हतं. मी खिडकीतून त्याला ऑटोच्या थांब्याकडे जाताना पाहिलं आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आज इतक्या वर्षांनी ह्या सगळ्यात मला कशाची सगळ्यात जास्त लाज वाटत असेल तर त्या सुटल्यासारखं वाटण्याची.

त्यानंतर तो आला नाही. आईही राखीला गेली नाही. कोणी शेजारीण विचारायची, "औंदा माहेरचा तांदूळ नाही का वो?" तर आई कधी म्हणायची की दादानं ती बांधी पडीक टाकली, कधी की पीक बुडालं. खोटं बोलायची सवय तिला नव्हती, त्यामुळे दर वेळी वेगळं सांगायची. घरात संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की ती कोठीजवळ बसून मिलचा तांदूळ निवडायची, कोठीला पाठ करून. मी लाल गाडी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवून दिली होती. रोज ठरवायचो की उद्या सांगीन. उद्या म्हणजे काय, ह्याची माझ्याइतकी पक्की माहिती आमच्या कॉलेजात कोणाला नव्हती.

दिवाळीच्या साफसफाईत आईनं तो तांदूळ कोंबड्यावाल्याला देऊन टाकला. मी बाहेरून आलो तर ती कोठीत वाकलेली, झाडणी घेऊन, फक्त पाय दिसत होते. झाडणीचा आवाज थांबला. मग आतून माझं नाव आलं, विहिरीतून यावं तसं.

"इकडे ये. अन् पाह्य, का होय हे."

मी आत डोकं घातलं. तिनं खालचं दार उघडलेलं होतं, त्यातून ऊन तळाला पडलं होतं. पत्र्यावर लाल, निळ्या, हिरव्या रंगाचे धुकट पट्टे एकावर एक चढलेले, आणि मधोमध, जिथं रंग बसला नव्हता तिथं, कोऱ्या पत्र्याची एक मोटार. लांब नाकाची, दोन दारांची. कोणी साचा ठेवून काढावी इतकी स्वच्छ. माझ्या हातचं त्यापेक्षा नेटकं चित्र दुसरं नाही.

आईनं मारलं नाही. ती कोठीची कड धरून उभी राहिली आणि तिच्या केसांत जाळं लागलं होतं. म्हणाली, "मी माह्या भावाले जहर म्हटलं." मग झाडणी खाली ठेवून, "तू तिथंच उभा होता."

दुसऱ्या दिवशी तिनं मला एकट्यालाच बसमध्ये बसवलं. मी येते म्हणाली नाही, काय सांगायचं ते सांगितलं नाही, डबा दिला नाही. पिशवीत मी लाल गाडी घेतली होती. का घेतली, मला नीट सांगता येत नाही; पुरावा म्हणून असेल, किंवा ती पाहून मामा म्हणेल की रंग चांगला झाला, अशी आशा असेल. माझ्यासारख्या माणसाचं काही सांगता येत नाही. सडक अर्जुनीला उतरून पुढे पायी गेलो. कापणी सुरू होती, बांध्यांमधून धानाचा ओला वास येत होता. मामा खळ्यावर शेणानं सारवत होता. मला पाहून हात धुतले, अंगावरच्या दुपट्ट्याला पुसले आणि नेहमीसारखा माझ्यापुढे वाकला. मला वाटलं की आता जमीन फाटली तर बरं होईल, पण ती नुकतीच सारवलेली होती.

"मामा, तो वास माझ्या गाडीचा होता," मी म्हणालो. "मी कोठीत रंगवत होतो. फवारा मी मारला."

त्यानं पिशवीतून डोकावणारी गाडी काढून घेतली. उलटीपालटी केली, टपावर बोट फिरवलं, नाकाजवळ नेली. डॉक्टर म्हणाले होते त्याप्रमाणे ती केव्हाच वाळली होती, तिला कसलाच वास नव्हता. तरी त्यानं डोळे मिटून बराच वेळ हुंगली.

"मले त्याच दिवशी समजलं होतं," तो म्हणाला. "बैलबंडीले, दाराले रंग मीच देतो दर साली. फवाऱ्याचा वास अन् रंगाचा वास, मले फरक नाही समजत का?"

"मग काऊन नाही सांगितलं?"

"भाच्याचं नाव मी घेऊ? भाऊजीसमोर?" त्यानं गाडी माझ्या हातात परत दिली. "वाट पाहत होतो. आज बोलन, उद्या बोलन. हात धुवाले गेलो न्हाणीवर, तिथंही तुम्ही मांगं नाही आले."

मी गाडी खाली ठेवली आणि वाकलो. मामाच्या पायाला माझा हात लागायच्या आत त्यानं पाय मागे घेतले, विस्तवावर पडल्यासारखे. माझा हात ओल्या शेणात गेला.

"तसं नसते करत," तो म्हणाला. "भाच्यानं मामाच्या पाया पडू नये."

मग त्यानं मला धरून उठवलं, माझा हात आपल्या दुपट्ट्यानं पुसला, आणि साऱ्या जन्मात पहिल्यांदा मला नीट पाहून घेत म्हणाला, "मी तुह्या पाया पडतो ते तू भाचा आहे म्हणून. नाही तं तुह्यात पाया पडासारखं काही नाही."